स्मृतिभ्रंशाचा धोका : काय तपासावे, काय सांभाळावे आणि कोणत्या वयात

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ५३ वर्षे आहे, सहा वर्षांपासून उच्च रक्तदाबाचे आणि तीन वर्षांपासून मधुमेहाचे औषध चालू आहे, तुमच्या आईंना ७८व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आणि गेल्या काही महिन्यांपासून तुमच्याही ओठांवर आलेली नावे तिथेच अडू लागली आहेत. ही आईंच्याच आजाराची सुरुवात आहे का, जनुकीय चाचणी करून घ्यावी का आणि स्मरणशक्ती टिकवण्यासाठी कोणती गोळी घ्यावी, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांना मी पंचवीसहून अधिक वर्षे तपासत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही जाता जाता एका वाक्यात उरकली आहे, आणि ती म्हणजे रक्तदाब व मधुमेह. जनुक आणि गोळी यांच्याकडे शेवटी वळू.

नावे अडण्याबद्दल आधी बोलते, कारण भीती तिथूनच सुरू झाली आहे. पन्नाशीनंतर विशेषनामे हाताशी यायला वेळ लागतो. समोरच्याचा चेहरा, हुद्दा, शेवटची भेट सारे आठवते आणि नाव तेवढे तासाभराने, भलतेच काही काम करताना, आपोआप सुचते. याचा अर्थ माहिती जागेवर आहे, ती बाहेर काढण्याचा वेग मंदावला आहे. अल्झायमरच्या सुरुवातीला घडते ते वेगळे असते. तिथे नवी माहिती मुळात साठवलीच जात नाही, म्हणून कालच्या बोलण्याची आठवण करून दिली तरी असे बोलणे झालेच नव्हते असे त्या व्यक्तीला मनापासून वाटते, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो, नेहमीचा हिशेब चुकू लागतो आणि ओळखीच्या रस्त्यावर पाऊल घोटाळते. तपासणीच्या खोलीत मी एक साधी गोष्ट पाहते. एखादी व्यक्ती एकटीच येते आणि आपण कधी, कुठे, काय विसरलो याची तारीखवार यादी समोर ठेवते, तेव्हा बहुधा चिंता, अपुरी झोप किंवा कामाचा ताण सापडतो. उलट, काय त्रास होतो असे विचारल्यावर जो रुग्ण मान वळवून शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहतो आणि साध्यासाध्या प्रश्नांची उत्तरेही तिनेच द्यावीत अशी वाट बघतो, त्याच्या बाबतीत मी सावध होते. तुमचे वर्णन पहिल्या प्रकारात मोडते. अर्थात लिहिलेल्या वर्णनावरून निदान करता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष तपासणी टाळू नका.

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नाही. स्मरणशक्ती, भाषा, निर्णयशक्ती, दिशेचे भान यांपैकी एकाहून अधिक क्षमता इतक्या घटणे की रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येऊ नयेत, या अवस्थेला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. तिच्यामागे साठ ते सत्तर टक्के रुग्णांत अल्झायमरचा आजार असतो. त्याखेरीज मेंदूतील रक्तवाहिन्यांचे नुकसान, ल्युई बॉडी नावाचा विकार आणि मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागाची झीज ही प्रमुख कारणे आहेत. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या ज्या रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, ती बाई जेमतेम पन्नाशीची होती, आणि पुढे कित्येक दशके हा आजार विरळा व अकाली येणारा समजला गेला. उतारवयातला विसराळूपणा मात्र म्हातारपणाचाच भाग म्हणून सोडून दिला जाई. आज आपल्याला माहीत आहे की अमायलॉइड नावाचे प्रथिन मेंदूत साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात होते. ७८व्या वर्षी दिसलेल्या आजाराची पायाभरणी साठीच्या आसपास झालेली असते. तुमचे ५३ हे वय म्हणूनच महत्त्वाचे आहे.

अमेरिकेतील ६७८ जोगिणींवर, म्हणजे मठवासी ख्रिस्ती भगिनींवर, १९८६ साली सुरू झालेला अभ्यास या विषयात फार मोलाचा मानला जातो. त्यांचे राहणे, खाणे, काम जवळपास सारखे होते आणि त्यांनी मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीला संमती दिली होती. काही भगिनींच्या मेंदूत अल्झायमरचे बदल ठळक होते आणि तरीही त्या अखेरपर्यंत तल्लख राहिल्या होत्या. पण त्याच बदलांच्या जोडीला मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटल्याच्या एक-दोन बारीक जखमा असल्या, की जिवंतपणी स्मृतिभ्रंश दिसलेला असण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढत होती. मला स्वतःला या निष्कर्षाने रुग्णांशी बोलण्याची दिशा दिली. अमायलॉइडवर आपला ताबा फारसा नाही, बारीक रक्तवाहिन्यांवर मात्र पुष्कळ आहे.

धोक्याच्या घटकांकडे वळण्याआधी एक टप्पा कधीही वगळू नये, आणि तो दुर्दैवाने वारंवार वगळला जातो. विसरायला लावणारी अनेक कारणे उपचारांनी पूर्ण किंवा बरीचशी दूर होण्यासारखी असतात. थायरॉइड ग्रंथी मंदावली की विचार मंदावतो. बी-१२ जीवनसत्त्व घटले की विसराळूपणाबरोबर पायांना मुंग्या आणि चालताना तोल जाणे दिसू शकते. तुम्ही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर हे खास तुमच्यासाठी आहे. हे औषध उत्तम आहे, पण अनेक वर्षे घेतल्यास आतड्यातून बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण कमी होते, आणि जोडीला पित्तावरची ओमेप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर ते आणखी कमी होते. रक्तातील पातळी तपासणे सोपे आहे आणि उपचार त्याहून सोपा आहे. रक्तातील सोडियम घटणे, अतिमद्यपान आणि त्यातून थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, कमतरता, वृद्धाला लागलेला किरकोळ मार आणि त्यानंतर काही आठवड्यांनी कवटीखाली साचलेले रक्त ही कारणेही याच यादीतली आहेत. चालणे, लघवी आणि स्मरण या तिन्हींत एकाच सुमारास बिघाड झाला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलले जाऊ लागले, तर मेंदूतील पाण्याचा निचरा नीट होत नसल्याची शंका घ्यावी. अशा काही रुग्णांत ते पाणी वळवण्याची शस्त्रक्रिया केल्यावर चाल सुधारलेली मी पाहिली आहे.

सर्वांत जास्त वेळ मी औषधांच्या पिशवीला देते. पहिल्या भेटीला येताना घरातील झाडून सगळ्या गोळ्या आणा, असे मी सांगते आणि त्या टेबलावर ओतून एकेक पाकीट बाजूला करत जाते. एकदा एका निवृत्त शिक्षिकेच्या पिशवीत चौदा औषधे निघाली. त्यांत झोपेसाठी घेतलेली सर्दीची जुन्या पिढीतील गोळी, लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन आणि कंबरदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन होते. मेंदूत आठवणी पक्क्या करण्याच्या कामी अॅसिटिलकोलिन हे रसायन लागते आणि ही तिन्ही औषधे त्यालाच अडवतात. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहून दिलेली ही औषधे स्वतंत्रपणे पाहिली तर प्रत्येकाला कारण होते. यातली गंमत, किंवा खरे तर दुःखाची गोष्ट, अशी की तेच रसायन वाढवणारी डोनेपेझिल ही स्मृतिभ्रंशाची गोळी त्यांना आधीच सुरू झाली होती. या गोळीने काहींना लघवीची घाई होते. ती घाई थांबवण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन आले होते. म्हणजे एक औषध पुढे ढकलत होते आणि दुसरे मागे ओढत होते. टप्प्याटप्प्याने गोळ्या कमी केल्यावर त्यांचा आजार नाहीसा झाला नाही, पण दिवसा पेंगणे थांबले आणि घरातल्यांची नावे परत आली. झोपेच्या आणि चिंतेच्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्यांचेही असेच आहे. मात्र त्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच त्या कमी कराव्यात.

आता धोक्याच्या घटकांविषयी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०१७ साली बदलता येण्याजोगे नऊ घटक मांडले, २०२० साली ते बारा झाले आणि २०२४ च्या अहवालात रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल व उपचार न झालेला दृष्टिदोष यांची भर पडून चौदा झाले. हे चौदाही घटक पूर्णपणे दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा नीट समजून घ्यावा लागतो. तो संपूर्ण लोकसंख्येचा हिशेब आहे, त्यामुळे सगळे नियम पाळणाऱ्या एका माणसाचा धोका ४५ टक्क्यांनी घटेल असा त्याचा अर्थ होत नाही. सर्व पथ्ये सांभाळूनही आजार होऊ शकतो, आणि तो झालेल्या व्यक्तीने काहीतरी हलगर्जीपणा केला असे म्हणणे अन्यायाचे ठरते. आईंच्या बाबतीत असा विचार मनात येत असेल तर तो काढून टाका.

रक्तदाबावर मी जरा रेंगाळणार आहे. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के आणि त्याला लागणारा प्राणवायू मात्र सुमारे वीस टक्के. हा सगळा पुरवठा ज्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या करतात, त्या वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाखाली जाड आणि ताठ होतात. एमआरआयमध्ये अशा मेंदूच्या आतल्या भागात पांढरे ठिपके दिसतात. रुग्णाला अर्धांगवायू झालेला नसतो, डोकेही दुखत नसते, त्यामुळे मला काही होत नाही तर गोळी कशाला, असे तो विचारतो. अमेरिकेतील स्प्रिंट या मोठ्या चाचणीत ५० वर्षांवरील ९,३६१ लोकांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणि उरलेल्यांचा १४० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची पायरी, १९ टक्क्यांनी कमी होता. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातही घट दिसली, पण ती योगायोगाची नाही असे ठामपणे म्हणण्याइतकी मोठी नव्हती. पुढे चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ गावांत सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. तिथे रक्तदाबाचे नियंत्रण गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी केले होते आणि चार वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. तुमच्यासाठी एक बारकावा महत्त्वाचा आहे. स्प्रिंट चाचणीत मधुमेहींना घेतलेच नव्हते, म्हणून १२० हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका, आपले लक्ष्य आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मात्र १४५ वर समाधान मानणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर ते सोडून द्या.

याच रक्तदाबाचे गणित ऐंशीच्या पुढे बदलते. मध्यमवयातला उंच रक्तदाब धोका वाढवतो, पण वार्धक्यात, विशेषतः स्मृतिभ्रंश सुरू होण्याआधीच्या काही वर्षांत, रक्तदाब आपोआप खाली येऊ लागतो. तरीही वीस वर्षांपूर्वी ठरलेल्या तीन गोळ्या तशाच चालू राहतात, मग उठताना चक्कर, पडणे, डोक्याला मार ही साखळी सुरू होते. वजनाचेही तसेच. पन्नाशीतला स्थूलपणा धोक्याचा, तर सत्तरीनंतर प्रयत्न न करता घटणारे वजन हे आजाराची पूर्वसूचना असू शकते. वृद्ध व्यक्तींचे अभ्यास वरवर वाचून 'जाड माणसांना स्मृतिभ्रंश कमी होतो' असे निष्कर्ष कधीकधी काढले जातात, ते याच गफलतीतून. आजाराने वजन घटवलेले असते आणि आपण घटलेल्या वजनाला आजाराचे कारण समजतो. एकच घटक कोणत्या वयात मोजला, हे पाहिल्याशिवाय मी आता या विषयावरचा कोणताही आकडा गंभीरपणे घेत नाही.

मधुमेहाने धोका वाढतो हे खरे, पण साखर जितकी खाली तितके चांगले असे नाही. अॅकॉर्ड नावाच्या चाचणीत साखर अतिशय काटेकोरपणे खाली ठेवलेल्या गटात मृत्यू वाढल्यामुळे २००८ साली तो भाग थांबवावा लागला, आणि २०११ साली आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गटाची बौद्धिक क्षमताही अधिक चांगली टिकली नव्हती. साखर वारंवार फार खाली जाणे मेंदूला मानवत नाही, आणि वृद्धांत तर जेवण विसरले व गोळी घेतली, किंवा गोळी घेतल्याचे विसरून पुन्हा घेतली, असे सहज घडते. तुमच्या वयात साखर स्थिर, वाजवी मर्यादेत ठेवणे योग्य. आईंनाही मधुमेह असेल, तर त्यांच्यासाठी मर्यादा थोडी सैल ठेवण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. कोलेस्टेरॉलबद्दल इतकेच, की मध्यमवयात वाढलेले एलडीएल आता धोक्याच्या यादीत आहे आणि ते कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी स्मरणशक्ती जाते ही समजूत मोठ्या चाचण्यांत खरी ठरलेली नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार मात्र लक्षात ठेवा. त्यात हृदयात तयार झालेल्या बारीक गुठळ्या गाजावाजा न करता मेंदूत जाऊन बसतात, म्हणून साठीनंतर नाडी अधूनमधून तपासावी.

कानांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लॅन्सेट आयोगाच्या हिशेबात श्रवणदोष आणि एलडीएल या दोघांचा वाटा प्रत्येकी सुमारे सात टक्के, म्हणजे चौदा घटकांत सर्वाधिक आहे. स्मरणचाचणीत आम्ही काही शब्द सांगतो आणि पाच मिनिटांनी ते विचारतो. एका आजोबांना पाचपैकी एकही शब्द सांगता आला नाही. मला शंका आली म्हणून तेच शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवले आणि पाच मिनिटे थांबले, तर त्यांनी चार सांगितले. त्यांनी ते शब्द विसरले नव्हते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यांच्याकडील आधीच्या कागदावर मात्र स्मृतिभ्रंश असे लिहिलेले होते. चाचणीतल्या अशा फसगतीखेरीज श्रवणदोषाचा खरा परिणामही आहे : अर्धवट ऐकलेले वाक्य जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, चारचौघांत बसणे नकोसे होते आणि हळूहळू बोलणेच थांबते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींना तीन वर्षे पाहिले. एकंदर सर्वांचा विचार करता श्रवणयंत्रांमुळे लक्षणीय फरक पडला नाही, पण ज्यांच्यात हृदयविकार, मधुमेह यांसारखे इतर धोके जास्त होते त्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. असे इतर धोके तुम्हालाही आहेत, तेव्हा टीव्हीचा आवाज घरातल्यांना मोठा वाटू लागला असेल तर आताच कान तपासून घ्या. यंत्र लवकर वापरायला घेतलेले बरे. ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा हातात आलेले यंत्र बहुतेकदा कपाटातच राहते. दृष्टीचेही तसेच आहे : मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

धूम्रपान, अतिमद्यपान आणि डोक्याला मार यांच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. दुचाकीवर शिरस्त्राण घालण्याचा संबंध सत्तराव्या वर्षीच्या स्मरणशक्तीशी आहे, एवढे लक्षात असावे. हवेतील सूक्ष्म कणांचाही वाटा आहे, पण त्यावर एकट्या माणसाच्या हाती फार थोडे असते.

झोपेचा विषय आयोगाने आपल्या यादीत घेतलेला नाही, कारण पुरावा अजून पुरेसा पक्का नाही. तरी मी प्रत्येक रुग्णाला झोपेविषयी विचारते. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार कर्मचाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्के अधिक आढळले. त्याहून व्यवहारातला मुद्दा घोरण्याचा आहे. रात्री श्वास मध्येच थांबणे, दचकून उठणे, सकाळी डोके जड वाटणे आणि दुपारी बसल्या जागी डुलकी लागणे ही श्वास अडण्याच्या विकाराची लक्षणे आहेत. गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर हा विकार मागे असू शकतो. अशा रुग्णाला झोपेची गोळी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. नैराश्याचा संबंध दुहेरी आहे. दीर्घकाळचे नैराश्य धोका वाढवते, उतारवयात पहिल्यांदा आलेले नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाची चाहूल असते, आणि कधी नुसते नैराश्यच हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखे दिसते. या शेवटच्या प्रकारातला रुग्ण चाचणीतल्या प्रश्नांना 'माहीत नाही, जमणार नाही' म्हणून सोडून देतो, तर अल्झायमरचा रुग्ण बहुधा उत्तर देतो आणि ते चुकते.

शिक्षण आणि माणसांचा सहवास यांनी मेंदूची राखीव शक्ती वाढते, म्हणजे झीज तेवढीच असली तरी ती उशिरा जाणवते. फ्रॅमिंगहॅम या गावातील लोकांवर अनेक पिढ्या चाललेल्या अमेरिकी अभ्यासात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षांत नव्याने स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण दर दशकाला सुमारे वीस टक्क्यांनी घटले. पण ही घट किमान शालेय शिक्षण पूर्ण झालेल्यांतच दिसली. वयाच्या पन्नाशीत शाळेत परत जाता येत नाही, हे मान्य. तरी नवे काही शिकत राहणे, लोकांत मिसळणे आणि निवृत्तीनंतरही रोज काही ठरलेले काम असणे याचा उपयोग होतो असे माझे मत आहे. मोबाइलवरच्या कोड्यांनी त्या कोड्यांत तरबेज होता येते, यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. व्यायामाबद्दल माझा आग्रह अधिक आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्तींवर झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे सगळे एकत्र दोन वर्षे केले आणि २०१५ साली त्याचा बौद्धिक चाचण्यांवर चांगला परिणाम नोंदवला गेला. यातल्या कोणत्या एका गोष्टीने फरक पडला हे त्यातून सांगता येत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते सांगण्याची तितकी गरजही नाही.

आता जनुक. उतारवयातील अल्झायमरशी ज्याचा सर्वाधिक संबंध आहे त्या एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार एका पालकाकडून आला तर धोका साधारण दोन ते तीन पट आणि दोघांकडूनही आला तर आठ ते बारा पट होतो. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले आहेत आणि वेगवेगळ्या वंशांत हा परिणाम सारखा नसतो. हा प्रकार असूनही आजार न होणारे आणि नसताना होणारे, दोन्ही तऱ्हेचे लोक पुष्कळ आहेत. जवळजवळ अटळपणे आजार आणणारी तीन जनुके वेगळी आहेत, ती फार थोड्या घराण्यांत आढळतात आणि त्यांत आजार बहुधा साठीच्या आधीच दिसतो. तुमच्या आईंना तो ७८व्या वर्षी झाला, तेव्हा ती शक्यता जवळपास नाही. चाचणीचा निकाल काहीही आला तरी मी तुम्हाला रक्तदाब, साखर, कान, झोप आणि व्यायाम याच गोष्टी सांगणार असेन, तर फक्त काळजी विकत आणणारी चाचणी मी सुचवत नाही. ई-४ ची तपासणी खरोखर लागते ती अमायलॉइड काढून टाकणारी लेकॅनेमॅबसारखी नवी औषधे सुरू करण्यापूर्वी, कारण ई-४ असलेल्यांना त्या औषधांमुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची शक्यता अधिक असते. ही औषधे आजार मंद करतात, थांबवत नाहीत, आणि केवळ सुरुवातीच्या टप्प्यात निदान पक्के झालेल्यांसाठी आहेत.

गोळीबद्दलचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. गिंको बिलोबा या वनस्पतीचा अर्क तीन हजारांहून अधिक वृद्धांना सुमारे सहा वर्षे देऊन पाहिला, त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. बी-१२ ची कमतरता असेल तर बी-१२ घ्यावे, नसेल तर जास्तीच्या मात्रेने स्मरणशक्ती वाढत नाही. पासष्टीनंतर सुरू केलेल्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन या संप्रेरकांच्या मिश्रणाने तर २००३ च्या एका चाचणीत धोका दुप्पट झालेला आढळला, आणि त्याआधी तोच उपचार मेंदूसाठी चांगला म्हणून सांगितला जात होता. एक अनपेक्षित नोंद मात्र सांगावीशी वाटते. वेल्समध्ये नागिणीची लस २०१३ साली देताना २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती द्यायची असे ठरले. काही दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या दोन गटांची पुढे तुलना केली तेव्हा लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे वीस टक्क्यांनी कमी आढळला. यावरून लस केवळ मेंदूसाठी घ्या असे मी म्हणणार नाही. नागीण टाळण्यासाठी वयानुसार ती घेण्याजोगी आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा : दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून त्याची नोंद, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, बी-१२, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड व सोडियम यांच्या रक्तचाचण्या, कानांची आणि डोळ्यांची तपासणी, आणि घोरण्याबद्दल शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीची साक्ष. सोबत एकदा साधी स्मरणचाचणी करून तिचे गुण लिहून ठेवा, पुढे कधी शंका आली तर तुलनेला तुमचाच आकडा हाताशी असेल. नावे अडण्यापलीकडे व्यवहारातल्या चुका होऊ लागल्या, किंवा तुमच्या आधी घरच्यांना बदल जाणवू लागला, तर सहा महिने थांबू नका.

आईंच्या बाबतीतही यातले बरेच लागू आहे. निदान झाले म्हणून श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा औषधांची छाननी निरर्थक होत नाही. आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या हिशेबाने वाढतो. आईंचा गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, त्या भ्रमिष्टासारखे बोलू लागल्या, किंवा उलट दिवसभर गुंगीत राहू लागल्या, तर आजार वाढला असे समजून घरी बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, लपलेला अस्थिभंग किंवा नव्याने सुरू झालेली एखादी गोळी यांपैकी काहीतरी कारण बहुधा सापडते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना औषधांची पिशवी सोबत घ्या.